आम्ही जामीन राहिलो

न्यू जर्सीतील आमच्या ज्यू जमातीने २०२१ सालच्या अखेरीस एका अफगाण कुटुंबाची जबाबदारी घेण्याचे ठरवले, तेव्हा त्या कामासाठी नेमलेल्या छोट्या गटात माझे नाव घालण्यात आले. त्याचे कारण अगदी व्यावहारिक होते. मी ठाण्यात वाढलेली बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातली, असल्यामुळे मला मराठीबरोबर हिंदीही येते, आणि येणाऱ्या कुटुंबातील आईचे बालपण पेशावरमध्ये निर्वासित म्हणून गेल्यामुळे ती उर्दू बोलते, एवढी माहिती आम्हाला आधी मिळाली होती. पुढच्या काळात जे घडले त्याची नोंद मराठीत व्हावी असे मला मनापासून वाटते, कारण एखादी धार्मिक जमात सामाजिक न्यायाचे काम करते म्हणजे रोजच्या रोज नेमके काय करते, हे आपल्याकडे फारसे कोणी लिहून ठेवत नाही.

ठाण्याचे आमचे शाआर हाशामाइम सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनामंदिर, १८७९ सालचे आहे. तिथल्या जमातीत मी जे पाहिले ते मुख्यतः आपापसातले करणे होते: लग्नाची मेंदी, मुलाची सुंता, नवस फेडण्यासाठी प्रेषित एलियाहू हनाबीच्या नावाने केलेला मलिदा, आणि कोणाच्या घरी मयत झाले की कब्रस्तानापर्यंतची सगळी धावपळ. अडलेल्या घराला पैसे पोहोचत, पण ते कोणी दिले याची वाच्यता होत नसे. कामा रुग्णालयाच्या प्रमुख राहिलेल्या डॉ. जेरुशा झिराड यांनी १९२५ साली मुंबईत पुरोगामी विचारांची ज्यू जमात उभी करण्यात पुढाकार घेतला होता, हे मी घरात ऐकत आले होते. त्यामुळे अमेरिकेत आल्यावर रिफॉर्म या उदारमतवादी ज्यू पंथाच्या सिनेगॉगमध्ये गेले आणि तिथे स्त्री रब्बी, म्हणजे धर्मगुरू, प्रार्थना चालवताना पाहिल्या, तेव्हा मला ते परके वाटले नाही. नवीन होती ती दुसरी गोष्ट. इथे जमातीचे काम जमातीच्या दारापाशी संपत नव्हते.

शुक्रवारी संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर सगळे खाण्यासाठी थांबतात तेव्हा निम्म्या गप्पा कामाच्याच असतात. रोश हशानाला, म्हणजे ज्यू नववर्षाला, प्रत्येक घराला एक रिकामी कागदी पिशवी मिळते, आणि दहाव्या दिवशी योम किप्पुरच्या उपासाला येताना ती डाळी, तांदूळ, डबाबंद भाज्या यांनी भरून आणायची असते. तो शिधा गावातल्या अन्नपेढीला जातो. आजारी आणि बाळंतिणींच्या घरी जेवण पोहोचवणारी एक समिती आहे, आणि दुसरी सामाजिक कार्याची समिती आहे, जी राज्याच्या विधिमंडळातील प्रतिनिधींना पत्रे लिहिण्यापासून मतदारनोंदणीपर्यंत सर्व पाहते. या सगळ्यामागे एक परंपरा आहे. रिफॉर्म पंथाचे वॉशिंग्टनमधील कार्यालय १९६१ साली सुरू झाले, आणि १९६४ चा नागरी हक्क कायदा व १९६५ चा मतदान हक्क कायदा यांच्या मसुद्यांवर त्याच कार्यालयातील बैठकीच्या खोलीत काम झाले होते. आमच्या न्यू जर्सीतील जुने सभासद मात्र वॉशिंग्टनपेक्षा नेवार्कच्या रब्बी योआखिम प्रिन्झ यांची आठवण अधिक काढतात. नाझी राजवटीने जर्मनीतून घालवून दिलेले हे गृहस्थ २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनच्या विराट सभेत मार्टिन लूथर किंग यांच्या लगेच आधी बोलले, आणि हिटलरच्या काळात बर्लिनमध्ये राहून आपण काय शिकलो हे त्यांनी सांगितले: द्वेषाहूनही भयंकर गोष्ट म्हणजे सभ्य माणसांचे गप्प बसणे.

ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडले. अमेरिकेने विमानांनी बाहेर काढलेल्या हजारो लोकांना देशातील लष्करी तळांवर ठेवले होते, आणि त्यांपैकी एक मोठा तळ आमच्याच राज्यात, मॅग्वायर-डिक्स-लेकहर्स्ट येथे होता. ऑक्टोबरमध्ये सरकारने एक नवी योजना जाहीर केली: किमान पाच प्रौढ व्यक्तींनी एकत्र येऊन गट करावा, प्रत्येक व्यक्तीमागे २,२७५ डॉलर उभे करावेत, आणि किमान ९० दिवस त्या कुटुंबाचे घर, शाळा, दवाखाना, नोकरी यांची व्यवस्था पाहावी. पुनर्वसन संस्थांवर कामाचा इतका ताण होता, की सामान्य लोकांनी जामीन राहिल्याशिवाय ही माणसे तळाबाहेर पडणे कठीण होते. आमच्या समितीने ९० दिवसांऐवजी सहा महिने धरले, आणि ते शहाणपणाचे ठरले.

ही बातमी मी फोनवर आईला सांगितली तेव्हा तिने एक जुनी गोष्ट काढली. १९३४ साली मुंबईत ज्यूइश रिलीफ असोसिएशन स्थापन झाली होती. जर्मनी आणि ऑस्ट्रियातून निसटलेल्या ज्यूंना ब्रिटिश हिंदुस्थानात उतरू द्यायचे तर त्यांच्या पोटापाण्याची हमी कोणीतरी घ्यावी, अशी सरकारची अट असे, आणि ती हमी या संस्थेने घेतली. निर्वासितांत डॉक्टर होते, दंतवैद्य होते, संगीतकार होते. त्यांपैकी कित्येकांना मुंबईने कायमचे आपलेसे केले. अनोळखी माणसासाठी कागदावर सही करून जामीन राहणे ही गोष्ट आपल्या शहरात पूर्वी झालेली आहे, हे कळल्यावर मला या कामाबद्दल वाटणारी जबाबदारी अधिक जवळची झाली.

अर्जाची प्रक्रिया लांबलचक होती आणि ती तशीच असायला हवी होती. गटातील प्रत्येकाची पार्श्वभूमी तपासली गेली, ऑनलाइन प्रशिक्षण झाले, आणि मग स्वागताचा आराखडा लिहावा लागला. पहिल्या रात्रीचे जेवण कोण आणणार, सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे सरकारी ओळखक्रमांकाच्या, कार्यालयात कोण नेणार, शाळा घरापासून किती दूर आहे, हलाल मांस कुठे मिळते, जवळच्या मशिदीशी कोण बोलणार, असे सगळे प्रश्न त्या आराखड्यात होते. आमच्या रब्बींनी पहिल्याच बैठकीत एक नियम घालून दिला: कुटुंबाची छायाचित्रे सिनेगॉगच्या पत्रकात किंवा कोणाच्याही फेसबुकवर येणार नाहीत, आणि धन्यवाद देण्यासाठी त्यांना व्यासपीठावर उभे केले जाणार नाही. वर्गणी देणाऱ्या काहींना आपण मदत केलेल्या माणसांना भेटायचे होते, आणि त्यांची इच्छा समजण्यासारखी होती, परंतु हा नियम योग्य होता असे मी आजही ठामपणे म्हणेन.

सर्वात कठीण गेले ते घर मिळवणे. ज्यांना अमेरिकेत कसलाही पतइतिहास नाही, ज्यांच्या हाती पगाराची पावती नाही, अशांना घर भाड्याने द्यायला कोणी सहजी तयार होत नाही. एका घरमालकाने सर्व ठरवून, अनामत रकमेचा धनादेश घेण्याच्या दिवशी नकार दिला, आणि कारण विचारता कुटुंब फार मोठे असल्याचे सांगितले. कुटुंबात किती माणसे आहेत हे त्याला आम्ही पहिल्या फोनवरच कळवले होते. शेवटी जमातीतील एका वृद्ध बाईंनी आपल्या घराचा वरचा मजला देऊ केला, भाडेकरार रीतसर केला आणि भाडे बाजारभावापेक्षा कमी लावले. भाडे मुळीच नको असे त्या म्हणत होत्या. समितीतील वकिलाने त्यांना समजावले, की करार आणि भाड्याच्या पावत्या असल्या तर या कुटुंबाला पुढचे घर मिळवताना त्या दाखवता येतील. फुकट राहिल्याची पावती कुठे चालत नाही.

कुटुंब येण्याच्या थोडे आधी, १५ जानेवारी २०२२ च्या शनिवारी, टेक्सासमधील कॉलिव्हिल येथे बेथ इस्रायल सिनेगॉगमध्ये एका बंदूकधाऱ्याने शब्बाथची, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाची, प्रार्थना चालू असताना रब्बींसह चार जणांना ओलीस धरले. थंडीत दार ठोठावणारा तो माणूस निवारा शोधत आला आहे असे समजून रब्बी चार्ली सायट्रन-वॉकर यांनीच त्याला आत घेतले होते आणि चहा करून दिला होता. तासन् तास ते थरारनाट्य चालले. एकाची आधी सुटका झाली होती, आणि रात्री रब्बींनी हल्लेखोरावर खुर्ची फेकून उरलेल्या दोघांना घेऊन दाराबाहेर धाव घेतली. त्या आठवड्यातील आमची बैठक मी विसरणार नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईत नरिमन हाउसवर जे झाले ते माझ्या मनात ताजे होतेच, आणि खोलीतील बाकीच्यांच्या मनात पिट्सबर्ग होते. तिथल्या एका सिनेगॉगच्या इमारतीत २७ ऑक्टोबर २०१८ रोजी अकरा माणसे प्रार्थनेच्या वेळी मारली गेली, आणि मारणाऱ्याचा राग ज्या संस्थेवर होता ती हायस, म्हणजे शतकाहून अधिक काळ निर्वासितांसाठी काम करणारी ज्यू संस्था. त्या इमारतीतील एका जमातीने निर्वासितांसाठीच्या शब्बाथात भाग घेतला होता, हे त्याने डोक्यात धरले होते.

बैठकीत कोणी आरडाओरडा केला नाही, पण प्रश्न उघडपणे विचारले गेले. एका सभासदाने विचारले, की हल्लेखोर मुस्लिम होता आणि आपण एक मुस्लिम कुटुंब आणत आहोत, तर ज्यांना भीती वाटते त्यांना आपण काय सांगायचे? त्याला उत्तर दिले ते आमच्यातील सर्वात वयस्क सभासदाने, ज्यांचे आईवडील युरोपातून शेवटच्या काही जहाजांपैकी एकावरून निघाले होते. ते म्हणाले, की भीती खरी आहे आणि दाराशी पहारा ठेवावा, पण एका माणसाच्या गुन्ह्याचा जाब दुसऱ्याच्या मुलांना विचारायचा नाही. तसा जाब आपल्या लोकांना पुष्कळदा विचारला गेला आहे. पहाऱ्यासाठी वेगळा निधी मंजूर झाला, पोलिसांची गाडी शनिवारी बाहेर उभी राहू लागली, आणि स्वागताचा आराखडा जसा होता तसा पुढे गेला. मला त्या जमातीचा सर्वाधिक अभिमान वाटला तो त्या संध्याकाळी.

जानेवारी संपता संपता ते आले: नवरा, बायको, चार मुले आणि नवऱ्याची धाकटी बहीण. सामान म्हणजे तळावर मिळालेल्या जाड कोटांच्या आणि कपड्यांच्या पिशव्या. घर आम्ही भरून ठेवले होते. जे स्वतःच्या घरात ठेवणार नाही ते देऊ नये, असा समितीचा दंडक असल्यामुळे सामान चांगले होते, तरी दोन दिवसांत कळले की त्यातील बरेचसे आमच्या कल्पनेतील घरासाठी होते. सोफे भिंतीला सारले गेले. त्यांना जमिनीवर अंथरायच्या लांब गाद्या हव्या होत्या, ज्यांना ते तोशक म्हणतात. भिंतीशी मांडी घालून बसायचे, तिथेच दस्तरखान पसरून जेवायचे आणि रात्री तिथेच झोपायचे. बाईंनी मला हळूच विचारले, की प्रेशर कुकर कुठे मिळेल. समितीने दिलेल्या भांड्यांत तीन प्रकारचे ओव्हनचे ट्रे होते, पण कुकर नव्हता, आणि राजमा व मांस कुकरशिवाय शिजवणे त्यांना कल्पनेबाहेरचे होते. मी आमच्याच राज्यातील एडिसन गावच्या भारतीय दुकानातून पाच लिटरचा कुकर आणला. शिट्टी झाली तेव्हा धाकटा मुलगा टाळ्या वाजवत नाचला; तळावरच्या इतक्या महिन्यांत त्याने घरचा तो आवाज ऐकला नव्हता. मुले मला खाला, म्हणजे मावशी, म्हणू लागली, आणि आजही म्हणतात.

कागदपत्रांचे काम मात्र टाळ्यांचे नव्हते. त्यांना दोन वर्षांचा मानवतावादी प्रवेश मिळाला होता, म्हणजे राहण्याची परवानगी होती पण कायमच्या वास्तव्याचा मार्ग नव्हता. काम करण्याचे परवानापत्र, सोशल सिक्युरिटी क्रमांक, वैद्यकीय मदत, अन्नाची मदत, या प्रत्येकासाठी वेगळे कार्यालय आणि वेगळा अर्ज. मोठ्या मुलीच्या नावाचे स्पेलिंग दोन कागदांवर दोन प्रकारे लिहिलेले होते, आणि एका कार्यालयाने तेवढ्यावरून संपूर्ण कुटुंबाचा अर्ज परत पाठवला. शाळाप्रवेश तुलनेने सोपा गेला, कारण सप्टेंबरमध्ये गोवराची साथ आढळल्यानंतर तळांवर सर्वांना लस टोचलेली होती आणि त्याचे दाखले नीट होते. मी दुभाषी म्हणून बसायचे, तेव्हा एक पथ्य कटाक्षाने पाळले: अधिकाऱ्याने मला उद्देशून प्रश्न विचारला तरी मी तो बाईंना विचारायचा, आणि उत्तर त्यांचेच, त्यांच्याच शब्दांत द्यायचे, मला ते आधीच ठाऊक असले तरी.

पैशांवरून समितीत खरा मतभेद झाला. कुटुंबाच्या खात्यात जमा झालेल्या रकमेतून नवऱ्याने आपल्या आईला अफगाणिस्तानात काही पैसे पाठवले, हे कळल्यावर काही सभासद अस्वस्थ झाले. वर्गणी घरभाड्यासाठी गोळा केली होती, असे त्यांचे म्हणणे होते. माझे मत स्पष्ट होते आणि मी ते मांडले. ठाण्यातून आखातात किंवा इस्रायलला गेलेल्या आमच्या घरोघरच्या मुलांनी पहिल्या पगारातून आईला मनीऑर्डर पाठवली नसती, तर त्यांना कोणी चांगले म्हटले नसते. त्या हिवाळ्यात अफगाणिस्तानातील बँका ठप्प होत्या आणि लोक उपाशी होते. अखेर ठराव झाला, की दिलेला पैसा त्यांचा आहे आणि तो कसा खर्च झाला याचा हिशेब समिती मागणार नाही. मात्र सहा महिन्यांनंतरचे भाडे कसे भरायचे याचा तक्ता आम्ही त्यांच्यासोबत बसून केला.

तोपर्यंत तो गृहस्थ एका गोदामात रात्रपाळीला जाऊ लागला होता. अफगाणिस्तानात तो विजेची कामे करीत असे, पण इथे परवान्याशिवाय ते करता येत नाही, आणि गोदामापर्यंत बस जात नाही. जमातीतील एकाने आपली जुनी टोयोटा फुकट देऊ केली. त्याने ती नाकारली, अतिशय नम्रपणे, आणि दोन दिवस आम्ही सगळे कोड्यात पडलो. मग रब्बींनी मार्ग काढला. बाराव्या शतकातील मैमोनिडीस यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत, आणि त्यातील सर्वात वरची पायरी भिक्षा घालण्याची नसून माणसाला कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन आपल्या पायावर उभे करण्याची आहे. त्यात तोरा या आमच्या धर्मग्रंथानुसार गरजूकडून व्याज घ्यायचे नसते, आणि व्याज इस्लामलाही मान्य नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंना पटेल असा बिनव्याजी कर्जाचा कागद एका दुपारी तयार झाला. दरमहा ठराविक रक्कम परत करायची, एवढीच अट होती. त्याने शेवटचा हप्ता मुदतीच्या आधी भरला, आणि ती रक्कम समितीने पुढच्या गरजूसाठी तशीच फिरती ठेवली.

त्या वर्षी पेसाहची, म्हणजे मिसरमधील गुलामीतून सुटकेच्या सणाची, पहिली रात्र १५ एप्रिलला, रमजानच्या मध्यावर आली. सेदेरला, म्हणजे त्या रात्रीच्या विधिवत जेवणाला, त्यांना बोलवावे की नाही यावर बराच विचार झाला, कारण रोजा सोडण्याची वेळ आणि आमच्या हागादा वाचनाची, म्हणजे त्या सुटकेची कथा वाचण्याची, वेळ जवळजवळ एकच होती, आणि वाचन संपेपर्यंत जेवण नसते. शेवटी ते माझ्या घरी आले. सूर्य मावळताच त्यांनी खजुरावर रोजा सोडला आणि आतल्या खोलीत नमाज पढला, आणि मग आम्ही टेबलाशी बसलो. सेदेरच्या ताटात हारोसेथ नावाचा गोड पदार्थ असतो; आम्ही बेने इस्रायली तो खजुराचाच करतो, दाट शिजवून त्याचा पाक काढतो. अमेरिकन मैत्रिणींकडचा सफरचंदाचा असतो. वाइनऐवजी द्राक्षाचा रस ठेवला होता, आणि आमच्याकडे पेसाहमध्ये भात चालत असल्यामुळे मी मटण पुलाव केला होता. मिसर देशातून रातोरात, कणीक फुगायचीही वाट न पाहता निघालेल्या लोकांची कथा मी थोडी उर्दूत सांगितली. त्यांना मूसाची, म्हणजे मोझेसची, गोष्ट ठाऊक होतीच. मधली मुलगी म्हणाली, की आम्हीही जेवण ताटात टाकून विमानतळावर गेलो होतो. तिच्या आईने तिला गप्प केले नाही, आणि आमच्यापैकी कोणीही विषय बदलला नाही. त्या रात्री हागादाचे वाचन तिथे बराच वेळ थांबले होते.

उन्हाळ्यात आश्रयाचा अर्ज भरायला घेतला, कारण तो देशात आल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. जमातीतील दोन वकिलांनी फी न घेता ते काम केले. बाईंचे निवेदन लिहून घेताना मी दुभाषी होते. काय घडले ते एकदा सांगून भागत नाही. तारीख, गाव, कोण आले, काय म्हणाले, हे पुन्हा पुन्हा विचारावे लागते, आणि प्रत्येक वेळी ते त्या माणसाला नव्याने सोसावे लागते. वकील बाईंनी मध्येच फाइल मिटली आणि दोन आठवडे थांबायचे ठरवले. मुदतीचा ताण असतानाही त्या थांबल्या, आणि अर्ज मुदतीतच गेला. पुढच्या वर्षी आश्रय मंजूर झाला.

सहा महिन्यांची आमची जबाबदारी कागदोपत्री केव्हाच संपली होती. २०२३ च्या जानेवारीत सरकारने वेलकम कोअर नावाची मोठी योजना आणली, आणि त्या वर्षाच्या डिसेंबरपासून ओळखीच्या निर्वासितांची नावे सुचवण्याची सोय झाली. बाईंची सख्खी बहीण मुलांसह पाकिस्तानात नोंदणीकृत निर्वासित म्हणून राहत होती. जामीन म्हणून सही करण्याचा अधिकार केवळ नागरिकांना आणि कायमच्या रहिवाशांना असल्यामुळे अर्जावर आमच्या सह्या झाल्या, पण या वेळचा स्वागताचा आराखडा लिहिला तो त्या नवराबायकोने. यादीत प्रेशर कुकर पहिल्या क्रमांकावर होता, आणि सोफा नव्हता. पैसे जमातीने गोळा केले, आणि कर्जाच्या परतफेडीतून फिरती ठेवलेली रक्कमही त्यात घातली.

२० जानेवारी २०२५ च्या आदेशाने निर्वासितांचा प्रवेश थांबला आणि ती योजनाही बंद झाली. बहिणीचा अर्ज तिथेच अडकला आहे. समितीने गोळा केलेली रक्कम दुसऱ्या कामाला वळवायची का, हा विषय वार्षिक सभेत आला तेव्हा मतदान झाले आणि ती स्वतंत्र खात्यात तशीच ठेवण्याचे ठरले. दरम्यान वकील मंडळी इतर अफगाण कुटुंबांच्या प्रकरणांत गुंतली आहेत, कारण अफगाणांना मिळालेले तात्पुरते संरक्षणही त्याच वर्षी काढून घेण्यात आले. दर महिन्याच्या बैठकीत मी आता दुभाषी म्हणून बसते ती एका नव्या कुटुंबासाठी, आणि अफगाणिस्तानातील दरी ही भाषा लागते तिथे माझ्या शेजारी त्या बाई बसतात.